मशीनला हुंकार

आमच्या मालकांना एकच खोड. कुनी बोललं की हुंकार द्यायचा. पारावर कुनी कांद्याचा भाव सांगू दे, न्हाईतर देवळात म्हाराज कथा सांगू दे, ह्यांचं 'व्हय, व्हय' चालूच. समोरचा बोलतोय अन् आपन गप, म्हंजी त्याचा अपमान, असं सासूबाईंनी शिकवलेलं. मी मातर कुनाला हुंकार देनारी न्हाई. राहीबाईचं तोंड म्हंजी मोटार, एकदा चालू झाली की झाली, असं आमचं सगळं सोनई गाव म्हनतं. म्हनू द्या.

तर ह्या आमच्या सहादेवरावांच्या उजव्या किडनीत गाठ निघाली. डावी लहानपनापासनंच वाळलेली, कामाची न्हाई, हेबी त्याच सोनोग्राफीत कळलं. सगळा भार एकट्या उजवीवर. गाठ कुठवर गेलीय ते नीट कळंना, म्हनून डॉक्टरांनी नगरला एमआरआय करायला लावला.

तिथं सिल्व्हिया नावाची पोरगी हुती मशीन चालवायला. तिनं ह्यांना समजावून सांगितलं की आत टेप लागंल, श्वास धरा म्हनलं की धरायचा, सोडा म्हनलं की सोडायचा, अन् हलायचं अजिबात न्हाई. हे म्हनले, व्हय.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरले. गाठ मधल्या मोठ्या शिरंपर्यंत गेल्यासारखी दिसतीय, म्हनले. फोटो जरा पुसट आलेत, पन जोखीम नको, अख्खी किडनी काढू. मग आठवड्यातनं दोन-तीनदा मशीनवर रक्त धुवायचं, जल्मभर. अन् हे म्हनले, व्हय! असा राग आला मला. अहो, स्वतःची किडनी द्यायला निघालेत अन् व्हय काय म्हनता?

बाहेरच्या टपरीवर चहा घ्यायला थांबलो. मला काय बसवंना. बाकड्यावरनं उठायचं, रस्त्यापातूर जायचं, परत यायचं. येनाऱ्या-जानाऱ्या रिक्षावाल्यांवर उगंच डाफरत हुते. हे निवांत बशीत चहा ओतत बसलेले. माझी घालमेल बघून दुसरं कायतरी बोलावं म्हनून असंल, म्हनले, "त्या मशीनमधली बाई लई शिष्ट हाय बघ. मी दर वेळी जबाब दिला, पन तिनं एकदाबी बरं म्हनलं न्हाई."

"कसला जबाब?"

"ती म्हनायची श्वास धरा. मी म्हनायचो, व्हय, धरला."

माझा चहा सांडला. अहो, बोलल्यावर श्वास राहतोय का आत? प्रत्येक फोटोला हा मानूस हुंकार देत बसला हुता, अन् ह्याची किडनी खालीवर हुत हुती. रडावं का हसावं तेच कळंना. हाताला धरून त्यांना परत आत नेलं. बाहेरचा मानूस नंबर लावा म्हनला, त्याला बाजूला सारलं.

डॉक्टरांना म्हनलं, तुमचं मशीन खोटं बोलतंय. आधी चिडले. मग मी सगळं सांगितलं तसा त्यांनी चष्मा काढून ठेवला. म्हनले, मला वाटलं ह्यांना दम धरवत नाही. मशीन खोटं बोलत नाही बाई, पण माणूस हलला की तेही चुकीचं दाखवतं. परत काढू.

परत मशीनमधी घालायच्या आधी मी ह्यांना देवाची शपथ घातली. मी सांगंपातूर तोंड उघडायचं न्हाई, कुनी कायबी इचारू दे.

सिल्व्हियानं मला काचंमागं उभं केलं. ह्या खेपंला तिनं आतला आवाज तिथं चालू ठेवला हुता. श्वास धरा, म्हनली टेप. मी कान लावला. व्हय न्हाई, काय न्हाई. नुसती मशीनची धडधड. इतकी वर्सं ज्या 'व्हय'नं माझं डोकं उठवलं, तो ऐकू येईना तर जीव कासावीस झाला. आत काय झालं तर न्हाई? काचंवर हात दाबून धरला. सिल्व्हिया म्हनली, मावशी, तुम्ही तरी श्वास घ्या.

सांजच्याला डॉक्टरांनी बोलावलं. आताचे फोटो मलाबी दिसत हुते, काठ न काठ साफ. गाठ खरीच हाय, म्हनले. पन शिरंपासनं लांब, एका कडंला. तेवढीच कापता येईल बहुतेक, किडनी राहील. पूर्ण खात्री पोट उघडल्यावरच. मग ह्यांच्याकडं वळून इचारलं, "करायचं ना ऑपरेशन?"

हे गप. डॉक्टरांनी परत इचारलं, तरी गप. मानूस घाबरला का काय, म्हनून मी बघितलं तर माझ्याच तोंडाकडं बघत बसलेला. शपथ!

"मालक, बोला आता," मी म्हनलं.

वाटलं, झालं, आता व्हय म्हननार. पन ह्यांनी माझा हात धरला, डॉक्टरांच्या म्होरं, कधी न्हाई ते. बोटं गार पडली हुती. "राही," म्हनले, "तू काय म्हनती?"

लई बोलायचं हुतं. खात्री का न्हाई, दुसऱ्या डॉक्टरला दाखवू का, तुमाला काय झालं तर मी कुनाशी भांडू, सगळं तोंडाशी आलेलं. पन त्यांचा हात घट्ट धरला, अन् मी नुसतं म्हनलं,

"व्हय."