कुणाला दिवस गेलेत

कमरेएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या अकरा बायकांनी जाळ्याचं कडं आवळत आणलं, तेव्हा आत बोटभर लांबीचे दोन मासे निघाले. विलिमाइनाने ते उचलून पाहिले आणि परत समुद्रात टाकले.

"तिसरा दिवस," ती म्हणाली. "रविवारी तीन गावचे पाहुणे चर्चला येतायत. त्यांच्या पानात काय वाढायचं, आपली थोबाडं?"

विलिमाइना सत्तरीची, गावातल्या मासे धरणाऱ्या बायकांची म्होरकी. जाळं फाटलेलं नव्हतं, ओहोटीची वेळ चुकली नव्हती. मग कारण उरत होतं एकच, आणि फिजीच्या या किनाऱ्यावर ते पोरीसोरींनाही ठाऊक असतं. जाळं धरणाऱ्यांपैकी कुणाला तरी दिवस गेलेत आणि ती तोंड उघडत नाहीये. लपवलेल्या गर्भाला मासा बुजतो. चारचौघींत सांगून टाकलं की मामला मिटला. मग बाई खुशाल जाळं धरो. या गोष्टीवर शंका घ्यायला कुणाची हरकत नाही, पण रिकामी टोपली घेऊन घरी जाताना ती सुचत नाही.

"चला, बाहेर या सगळ्या," विलिमाइना म्हणाली. सगळ्या ओल्या अंगाने वाळूवर टेकल्या. "आता सांगा, पाळी कुणाची चुकलीय? मी काय पोलीस नाही. बोला आणि मोकळ्या व्हा."

"माझ्याकडे नका बघू, मावशी," केलेरा म्हणाली. तिला पाच पोरं. "नवरा सहा महिने झाले बोटीवर आहे. आता माझ्यात काही निघालं, तर माशांच्या आधी मीच पळून जाईन!"

सगळ्या खो खो हसल्या. हसणं ओसरलं तशा नजरा एकेक करून तोरिकाकडे वळल्या.

तोरिका ही उलामिलाची सून. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. दर महिन्याला तिला काही ना काही जाणवायचं. कधी छाती दुखायची, कधी सकाळी मळमळायचं, कधी दुपारी डोळे मिटायला लागायचे. पाळी चार दिवस पुढे गेली की तिचा नवरा, अपेनिसा, तिला जड काही उचलू देत नसे. पाचव्या-सहाव्या दिवशी सगळं संपायचं. परवाच संपलं होतं. त्यामुळे तिला स्वतःबद्दल खात्री होती, आणि आणखी एकीबद्दलही.

ती एक तिच्या शेजारीच बसली होती. पंचेचाळीस वर्षांची उलामिला मान खाली घालून जाळ्यातलं शेवाळ काढत होती. जाळ्यात शेवाळ नव्हतं. गेला दीड महिना तोरिका बघत होती. सकाळचा चहा सासूबाई न पिताच ओतून देत. स्टोव्ह पेटला, की रॉकेलच्या वासाने उठून बाहेर जात. चटई विणता विणता बसल्या जागी पेंगत. रात्रीतून तीनदा उठत. शेजारचं पोर कुशीत शिरलं, तर छातीवर हात आडवा धरत. "वय झालं, पाळी जायची वेळ आली," असं त्या आपणहून सांगत. तसंही असू शकतं, तसं होतं बायकांना. पण गेल्या गुरुवारी त्या चुलीमागे ओकल्या आणि पायाने त्यावर घाईघाईने वाळू लोटली, ते तोरिकाने पाहिलं होतं. ती तशीच घरात आली आणि भांडी घासत बसली.

"अगं, चांगल्या गोष्टीला लाजतेस काय, बाई!" विलिमाइनाने पुढे होऊन तोरिकाचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि तिकडच्या रीतीने मायेने तिचा गाल हुंगला. "चार वर्षं देवाला साकडं घालतोय आम्ही."

केलेराने तर कमरेच्या ओल्या कापडाचं टोक डोळ्यांना लावलं. दोघीतिघी उठून जवळ आल्या. कुणीतरी पाठीवरून हात फिरवला. तोरिकाने उलामिलाकडे पाहिलं. उलामिलाचे हात थांबले होते आणि तीही इतरींसारखीच आशेने सुनेच्या तोंडाकडे बघत होती.

"मी नाही," तोरिका म्हणाली. "माझी पाळी परवाच आली. आईंना दिवस गेलेत."

पाठीवरचा हात निघाला. मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"तुला कुणी सांगितलं?" उलामिलाने विचारलं.

"सांगायला कशाला हवं कुणी? चार वर्षं दर महिन्याला मी हेच शोधतेय अंगात. एकेक खूण पाठ आहे मला."

उलामिलाने जाळं मांडीवरून खाली ठेवलं.

"सांगणार होते गं. म्हटलं, थोडं थांबावं. या महिन्यात तुझं कळलं असतं, तर आधी तुझं सांगितलं असतं. मग माझ्याकडे कुणी बघितलंही नसतं."

"मागच्या महिन्यातही थांबलात?"

"मागच्याही."

तोरिकाला राग आला. आपल्या पाळीची तारीख घरात आणखी कुणीतरी मोजत होतं, याचा राग आला, आणि ते माणूस आपल्यासाठी मोजत होतं म्हणून नीट रागावताही येईना. ती उठली आणि जाळ्याचं जड टोक तिने खांद्यावर घेतलं.

"पाणी चढायच्या आत एक फेरी होईल," ती म्हणाली. "आई, तुम्ही टोपली धरा. जाळं ओढायचं नाही आता."

"का? म्हातारी झाले का मी?"

"नाही झालात, ते कळलं ना आता सगळ्यांना!"

केलेरा आधी हसली, मग विलिमाइना, मग सगळ्याच. तोरिकाही हसायला लागली, आणि हसता हसताच तिला रडू कोसळलं. ते तिने लपवलं नाही. उलामिला टोपली तिथेच टाकून आली, सुनेच्या खांद्यावरच्या टोकाखाली तिने आपलाही खांदा दिला, आणि दोघी पाण्यात शिरल्या.