पलंगाखालची खुर्ची

भाचीच्या त्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. ती डिझाइन शिकते. महिनाभराच्या कार्यशाळेला गेली होती आणि तिथे सगळ्यांचे फोन काढून घेतलेले, म्हणून पत्र. लिहिलं होतं:

'मामा, डिंक न लावता पुठ्ठ्याची खुर्ची करायची आहे. माणसाचं वजन पेलेल तीच प्रदर्शनात जाणार. पण रोज संध्याकाळी सर आमचं काम शेजारच्या टेबलावर सरकवायला लावतात. तिथला माणूस त्यात हवे ते बदल करतो. माझ्या शेजारचा चष्मेवाला तर माझ्या घड्यांकडे टक लावून बघतो. ही उचलेगिरी नाही का? मी खरी खुर्ची खोलीत पलंगाखाली लपवलीय, टेबलावर खोटीच ठेवते. बरोबर ना?'

माझ्याही मनात शंकेची पाल चुकचुकली. पण माझा संशय म्हणजे शहाणपण की नुसता भित्रेपणा, हे मला या वयातही ठरवता येत नाही. उत्तर लिहायचो, फाडायचो.

"भाचीलाच लिहिताय ना? की कोर्टाला?" बायको म्हणाली.

रविवारी सुट्टी मिळाली म्हणून भाचीच दारात. हातात पुठ्ठ्याचे तुकडे.

"चष्मेवाल्यानं मोडली?"

"तो कशाला मोडतोय! मीच बसले, पहिल्यांदाच. आधी पाठ गेली, मग मी."

बायको हसू दाबत आत गेली.

"आणि ती खोटी?"

"तिच्यावर सर बसले. चांगले धिप्पाड आहेत. चष्मेवाल्यानं मागच्या पायाची घडी उलटी फिरवली होती, पलीकडच्या मुलीनं आडवी पट्टी खोचली होती. पेललं की खुर्चीनं!" ती तुकड्यांकडे बघत राहिली. "हिच्यातली खोट मला दिसणार कशी? मी नुसतं कौतुकानंच बघत होते."

"मग आता?"

"अजून आठवडा आहे. हीच पुन्हा करणार, मला हीच प्रदर्शनात हवीय. पण टेबलावर ठेवली आणि चष्मेवाल्यानं ढापली तर? बोल ना काहीतरी."

"चहा निवतोय," मी म्हणालो.

"तू लिहून कपाटात ठेवलेली ती कथा तरी कुणी वाचलीय का रे, मामा?" जाता जाता तिनं विचारलं.

ती गेल्यावर कथा बाहेर काढली. इतकी वर्षं मला ती चांगली वाटत आली होती. पण तिच्यावर मी कुणाला बसूच कुठे दिलं होतं?

लिहिलं: 'टेबलावर ठेव. चोरी होणार नाही, अशी हमी मला देता येत नाही. चष्मेवाल्याचा मला अजूनही भरवसा नाही. तरी ठेव. सोबत माझी कथा आहे. तू वाच, त्यालाही दे. हवं तिथे खोडा, बदला.'

पाकीट टपालपेटीत अर्धं गेलं, तरी माझी बोटं सुटेनात.

"सोडा आता," मागून बायको म्हणाली.

सोडलं.