बुऱ्हाणपूरची निशा

आंतरशालेय वादविवाद स्पर्धेत पहिली आले तेव्हा मला कळलं की मला बोलता येतं. त्याआधीची सोळा वर्षं 'आमची तृप्ती जरा गप्पच असते' अशी माझी ख्याती होती. स्पर्धेत चिठ्ठी काढायची. 'पक्ष' आलं तर बाजूने बोलायचं, 'विपक्ष' आलं तर विरोधात. ज्या विषयावर दहा मिनिटांपूर्वी मला काही मतच नव्हतं, त्यावर मी अशी तावातावाने बोलले की परीक्षक लिहायचं थांबून नुसते ऐकत बसले. तेव्हापासून माझं तोंड बंद होत नाही.

त्या कार्यक्रमाचं शूटिंग करायला योगेंद्रदादा आला होता. बुऱ्हाणपुरात, शनवारा भागात त्याचं ऑफिस आहे. बाहेर 'जनसंपर्क एवं डिजिटल सेवा' अशी पाटी, आत पाच मुलं आणि निदान पंधरा फोन. दादा म्हणाला, सरकारच्या कामाची माहिती लोकांपर्यंत पोचवायची, कोणी उगाच बदनामी केली तर उत्तर द्यायचं, पैसे वरून येतात. एका कमेंटचे दोन रुपये आणि फोनचा रिचार्ज. मला रिचार्ज नको होता असं नाही, पण खरं सांगू का, स्पर्धा संपल्यावर मला बोलायला कोणी विषयच देत नव्हतं.

त्याने मला एक खातं दिलं. नाव निशा. पिवळ्या ओढणीतली एक हसरी मुलगी, खाली लिहिलेलं, 'बुरहानपुर की बेटी'. ही कोण, असं मी विचारलं तर दादा म्हणाला, तूच. मी हसले.

काम सोपं होतं. ग्रुपवर एक लिंक यायची आणि सोबत एकच शब्द, 'समर्थन' नाहीतर 'विरोध'. नंतर ज्यांनी ज्यांनी मला विचारलं, त्या सगळ्यांना मी हेच सांगितलं, की मला ती चिठ्ठीच वाटायची. बाकीची मुलं एकच ओळ सगळीकडे चिकटवायची, मी दर वेळी नवीन लिहायचे. कोणी खड्ड्यांचा फोटो टाकला की, 'भैया, पहले गाड़ी चलाना सीखो.' त्याला तीनशे लाइक आले. वर्गातल्या मुली मधल्या सुट्टीत ते मलाच वाचून दाखवत होत्या आणि मी, जणू काही माहीतच नाही अशी, पोळीचा रोल खात होते.

मग तो व्हिडिओ आला. नळासमोर उभी एक बाई मराठीत सांगत होती की नवी पाइपलाइन बँडबाजा लावून सुरू केली आणि आज सहावा दिवस, पाणी नाही. सोबत शब्द 'विरोध'. मी पहिले दहा सेकंद बघितले. मराठी ऐकलं आणि मुद्दा सुचला. निशाच्या नावाने लिहिलं, 'ये वीडियो बुरहानपुर का है ही नहीं. बोली सुनो, रावेर की है. महाराष्ट्र से आकर हमें बदनाम कर रही है. हमारे यहाँ रोज़ पानी आता है.'

आम्ही घरी मराठी बोलतो. माझे पप्पा महाराष्ट्रातल्या चोपड्याचे, कागदाच्या मिलमध्ये नोकरी लागली म्हणून इकडे मध्य प्रदेशात आले. लिहिताना हे मला आठवलं नाही. आठवलं असतं तर मी थांबले असते का? माहीत नाही. मुद्दा फारच भारी होता.

संध्याकाळपर्यंत ती ओळ शेकडो ठिकाणी गेली. दोन दिवसांनी कुठल्याशा वेब पोर्टलवर बातमी आली, 'वायरल वीडियो निकला महाराष्ट्र का, स्थानीय छात्रा निशा ने खोली पोल'. मी ती तीनदा वाचली. दुसऱ्यांदा वाचताना, क्षणभर का होईना, मला वाटलं, ही निशा हुशार आहे, ओळख करून घ्यायला हवी.

जेवताना पप्पांनी तीच बातमी मोठ्याने वाचली. बाहेरून येतात आणि आपल्या गावाला नावं ठेवतात, म्हणाले.

"आणि आपण कुठून आलो?" आईने वरण वाढता वाढता विचारलं.

"आपलं वेगळं आहे, सिंधू. आपण नोकरीवर आलोय."

ते खोटंही असू शकतं, असं मी म्हणून बघितलं. पप्पांनी माझ्याकडे दयेने बघितलं, बातमी नावानिशी आलीय म्हणाले आणि मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकून दिली. ते मंडळाचे सेक्रेटरी आहेत.

रविवारी एक बाई आमच्या घरी आली. छायाकाकू, गावातल्याच लोधीपुऱ्यात राहणारी, तिथल्याच अंगणवाडीत मदतनीस. पिशवीत कागदांची फाइल. पाण्याचा ग्लास पुढे करताना मी आवाज ओळखला. व्हिडिओतली बाई हीच होती.

तिला नोटीस आली होती. मदतनीस त्याच वॉर्डातली असावी लागते. ही महाराष्ट्रातली असल्याची स्थानिक नागरिकांची तक्रार आहे, तरी नेमणूक रद्द का करू नये, सोमवारपर्यंत खुलासा द्या. तक्रारीला ती बातमी जोडलेली होती. काकूकडे आधार होतं, रेशनकार्ड होतं, तरी ऑफिसात कोणी म्हणालं, आणखी काही असेल तर आणा. म्हणून ती मंडळाचं पत्र मागायला आली होती, की ही बाई इथलीच आहे.

पप्पांनी आधारकार्ड उलटून पालटून बघितलं. "पण तुम्ही रावेरच्या ना?"

"रावेरला माझी नणंद दिली आहे, भाऊ. मी तिच्याकडे पण दोनदाच गेले. माझं माहेर शनवारा, सासर लोधीपुरा. एवढंच काय ते फिरले मी."

पप्पांनी कार्डावरचा पत्ता पुन्हा वाचला. मग म्हणाले, बातमीत आलं म्हणजे काहीतरी असेलच ना. बाई समोर बसली होती, तिचा पत्ता त्यांच्या हातात होता, आणि तरी पप्पांचा निशावर जास्त विश्वास होता.

"ते मी लिहिलंय," मी म्हणाले.

"मोठे बोलतायत तृप्ती, तू आत जा."

"पप्पा, निशा मीच आहे."

"निशाचा फोटो आहे बातमीत," पप्पा म्हणाले. "तू काय तिच्यासारखी दिसतेस?"

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. काकूने मात्र लगेच विश्वास ठेवला. कप खाली ठेवला आणि माझ्याकडे वळली.

"तू मला ओळखतेस का गं?"

"नाही."

"मग मी तुझं काय केलं होतं?"

कुठल्याही विषयावर पाच मिनिटं बोलू शकणारी मी. तोंडातून एवढंच आलं, "मला 'विरोध' आला होता." तिला कळलं नाही. मी चिठ्ठीचं, लिंकचं, दोन रुपयांचं सगळं समजावलं, आणि बोलता बोलता मलाही ते कळेनासं झालं. स्पर्धेत हरलेल्या बाजूची नोकरी जात नाही, एवढंच डोक्यात घुमत राहिलं.

"उद्या अकराला चल," काकू म्हणाली. "तिथे हेच सांग."

तिच्यासमोरच मी योगेंद्रदादाला फोन लावला. वाटलं, ओरडेल. तो अगदी प्रेमाने बोलला. तू लहान आहेस, यात पडू नको, आणि लिहिलं तर निशाने, तू आहेस कुठे त्यात? मग म्हणाला, त्या ताईंना सांग, व्हिडिओ डिलीट करा, नोटीस आपोआप थंड होईल. म्हणजे एवढं सोपं होतं? मला वाटलं, मी मार्ग काढला. काकूला आनंदाने सांगितलं.

"नळाला पाणी येणार म्हणाला का तो?" तिने विचारलं.

"नाही."

"मग कशाला काढू?"

शेवटी पप्पांनी पत्र दिलं. ग्रुपवरची बातमी मात्र तशीच ठेवली. आता सगळ्यांनी वाचलीच आहे, म्हणाले, काढून काय होणार.

सोमवारी ऑफिसातल्या मॅडमनी माझं पूर्ण ऐकून घेतलं. त्या वाईट नव्हत्या. फाइल चाळून म्हणाल्या, बातमीत निशा आहे, तुमचं नाव तृप्ती, मग निशाला घेऊन या. मी म्हटलं, मॅडम, ती नाहीये. त्या म्हणाल्या, नाही तर बातमी कशी आली?

मी फोन काढला. निशाचं खातं अजून चालू होतं. मॅडमसमोर, काकूसमोर मी लिहिलं, 'वह बात मैंने झूठ लिखी थी. छाया जी लोधीपुरा की ही हैं.' पाठवलं. पिवळ्या ओढणीतली ती मुलगी तशीच हसत होती. मॅडमनी वाचलं आणि विचारलं, हे निशानेच लिहिलं कशावरून, कोणी दबाव टाकून लिहून घेतलं नसेल कशावरून? माझ्यासमोरच लिहिलं म्हणजे तुम्ही लिहिलंत. तेच तर मी सांगत होते. की नव्हते? मला खरंच कळेना.

शेवटी त्या म्हणाल्या, अर्ज द्या, याची प्रिंट जोडा, वडिलांना घेऊन पुढच्या सोमवारी या. तोवर काकूने कामावर जावं, हजेरी लागेल, निर्णय वरून होईल.

बाहेर आल्यावर काकू भराभर चालायला लागली, मुलांच्या जेवणाची वेळ झाली होती. मी तिच्या मागे धावत विचारलं, काकू, तुम्ही माझ्यावर रागावल्यात का?

"मला आत्ता नको विचारू," ती न थांबता म्हणाली. "नोकरी टिकली की विचार. गेली तर विचारूच नको."

पुढच्या सोमवारी शाळा बुडणार म्हणून आईने सुट्टीचा अर्ज लिहिलाय. कारणाच्या जागी काय लिहावं ते तिला सुचेना. ती जागा कोरी सोडून तिने कागद माझ्याकडे सरकवला. तुला येतं ना लिहायला, म्हणाली. दोन दिवस झाले, तो तसाच माझ्या वहीत आहे.