नावावर पाय

चऱ्होलीच्या शाळेत बिल्किसची खिचडी रोज थंड व्हायची आणि त्यात दोष कुणाचाच नव्हता. स्वयंपाकीण गोजाबाई खिचडी रटरटती उतरवायच्या. मुख्याध्यापक भीमराज सर नियमाप्रमाणे आधी स्वतः चव घ्यायचे आणि अगदी सावकाश घ्यायचे. मग वर्गवार रांग लागायची. पाचवीचा नंबर आला की स्नेहल दोन ताटं घ्यायची. एक आपल्या जागेवर ठेवायची, दुसरं घेऊन जेवणाच्या शेडच्या पायऱ्या उतरायची, पटांगण ओलांडायची, वर्गात एकट्या बसलेल्या बिल्किसपुढे ठेवायची आणि परत पळायची. तिलाही भूक असायचीच की. तिथेच बसून खावं तर वर्गात मुंग्या होतात म्हणून बाकी कुणी जेवायचं नाही, असा सरांचा हुकूम.

बिल्किसला पाय होते, पण ते तिचं ऐकायचे नाहीत. बाकी सगळं ऐकायचं. तिच्या अब्बांचं, नूरमोहम्मदचं, दिघीत गॅरेज होतं आणि तिच्या चाकाच्या खुर्चीला त्यांनी असं तेलपाणी करून ठेवलं होतं की सपाट जमिनीवर ती भल्याभल्यांच्या पुढे जायची. अडायचं ते शेडच्या पायऱ्यांपाशी. मागच्या वर्षी मोठ्या वर्गातल्या मुलांनी तिला खुर्चीसकट उचलून वर न्यायचा सपाटा लावला होता. ‘तू धर, मी सोडतो’ आणि ‘मी धरतो, तू सोड’ या गोंधळात एकदा दोघांनीही सोडली. हनुवटीला टाके पडले. तेव्हा बिल्किसने जाहीर केलं की ती काही गॅसचा सिलिंडर नाही आणि यापुढे तिला कुणी उचलायचं नाही.

थंड खिचडीचं आपल्याला काही वाटत नाही, असं ती सांगायची. साफ खोटं होतं. खिचडीपेक्षाही तिला टोचायचं ते शेडमधून येणारं हसू. मध्येच सगळी पंगत खदाखदा हसायची. ‘काय झालं गं?’ असं नंतर विचारलं की स्नेहल म्हणायची, ‘आता सांगून मजा नाही, तू तिथं असायला पाहिजे होतीस.’ या वाक्याने बिल्किसच्या तळपायाची आग मस्तकात जायची. तळपाय एरवी काही कामाचे नव्हते, पण तेवढं काम चोख करायचे.

अशात नानासाहेबांनी मनावर घेतलं. नानासाहेब गावातले जुने खातेदार. शाळेमागचं त्यांचं ज्वारीचं रान आता उंच टॉवरांखाली गेलं होतं, तरी माणूस दिलाचा. शाळेच्या कार्यक्रमात त्यांनी बिल्किसला पायऱ्यांखाली थांबलेलं पाहिलं आणि माइकवरच सांगून टाकलं, ‘‘आमच्या वडलांच्या नावानं हितं रॅम्प बांधून देतो. पोरगी पंगतीत बसली पायजे.’’

आणि खरोखर बांधला. चढ बेताचा, रुंदी ऐसपैस, दोन्ही बाजूंना कठडे. प्रश्न फक्त नावाचा उरला. शेडला भिंत नव्हती आणि खांबावर पाटी बसेना. तेव्हा फरशी बसवणाऱ्या बंटीचं डोकं चाललं. ‘‘नाना, उतारावरच टाकू की! निळ्या फरशीत, हातभर अक्षरं. टॉवरच्या पार वरच्या मजल्यावरनं वाचता येतंय का न्हाई बगा.’’

हे नानासाहेबांना फारच पटलं. आज ज्यांचे हॉल आहेत त्या जागी आपल्या बापाने ज्वारी राखली, त्या लोकांना सकाळी गॅलरीत चहा पिताना बापाचं नाव दिसलंच पाहिजे. झालं, उताराच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत निळ्या फरशीत अक्षरं चढली : कै. दत्तोबा यांच्या स्मरणार्थ.

उद्घाटनाला मांडव, फेटे, फीत, नारळ, सगळं यथासांग झालं. नवीन फ्रॉक घातलेल्या बिल्किसला पुढे घेतलं. ‘‘चल पोरी, माझ्या मागनं ये,’’ असं म्हणून नानासाहेबांनी उजवा पाय उचलला. तो हवेतच राहिला. खाली ‘कै.’ होतं आणि त्याच्या पुढे त्यांचा बाप.

‘‘आरं, ह्याच्यावर पाय कसा देऊ मी?’’ नानासाहेब कळवळून म्हणाले. त्यांनी कोल्हापुरी काढून पाहिली. मोजे काढून पाहिले. अनवाणी पायसुद्धा पुढे पडेना. आणि जिथे लेकाचा पाय पडला नाही, तिथे इतरांचा कसा पडणार? सगळा गाव मुकाट्याने पायऱ्यांनी वर गेला आणि चहा प्याला. बिल्किस नव्या फ्रॉकमध्ये खालीच राहिली. तिचा चहाही स्नेहलनेच आणला. थंडच होता.

मग मीटिंग बसली. भीमराज सरांनी भीत भीत सुचवलं, ‘‘वर गालिचा अंथरला तर?’’

‘‘झाकला म्हणून बाप खालनं जातोय व्हय?’’ नानासाहेब म्हणाले.

फरशी उखडायची म्हटलं तर वडलांच्या नावावर हातोडा कोण मारणार? बंटीला अचानक आठवलं की आपला हातोडा घरीच राहिलाय. शेजारी दुसरा रॅम्प बांधावा, असंही निघालं. पण त्याला नाव कुणाचं, हा प्रश्न येताच नानासाहेबांच्या भावकीने चटकन आपल्या आज्याचं नाव पुढे केलं आणि मीटिंग हातघाईवर यायच्या आत सरांनी आभार मानले.

रॅम्प तसाच राहिला. तसाच म्हणजे काय, वाढतच गेला. कुणी झेंडूचा हार घातला, कुणी उदबत्ती लावली. पायथ्याशी ‘चपला येथे काढाव्यात’ अशी पाटी लागली, आणि चपला काढून पुढे जायला कुणालाच परवानगी नव्हती. पायऱ्या चढता-उतरताना पोरं रॅम्पला नमस्कार करू लागली. स्नेहलही करायची. नमस्काराला दोन्ही हात लागतात, म्हणजे आधी ताट खाली ठेवणं आलं. बिल्किसची खिचडी पूर्वी थंड यायची, ती आता गारढोण यायला लागली.

‘‘जाऊ दे बेटा,’’ नूरमोहम्मद लेकीला म्हणाले, ‘‘मोठ्या माणसांच्या वडलांचं नाव आहे.’’

‘‘आणि ज्या पोरीसाठी बांधला तिचं काय नाव आहे, अब्बा?’’ बिल्किस म्हणाली.

दत्तोबांची पुण्यतिथी आली. नानासाहेबांनी सगळ्या शाळेला शिऱ्याचं जेवण घातलं. गोजाबाईंनी तुपात रवा असा भाजला की वास वर्गापर्यंत आला, आणि बिल्किसने ठरवलं की आता बास. ती खुर्ची हाकत थेट रॅम्पच्या पायथ्याशी जाऊन थांबली. वर पंगत बसली होती. नानासाहेब स्वतः वाढत होते. तिला पाहून त्यांना भरून आलं.

‘‘पोरीचं ताट आधी खाली धाडा रं!’’

‘‘ताट नको,’’ बिल्किस ओरडली. ‘‘मी येते वर.’’

‘‘कशी येशील माझी बाय? नावावर पाय पडंल की.’’

‘‘कुणाचा पाय?’’

नानासाहेबांच्या हातातला डाव तसाच थांबला. बिल्किसने फ्रॉक जरा सारखा केला आणि खुर्चीच्या फळीवर शेजारी शेजारी ठेवलेले आपले दोन पाय सगळ्यांना दाखवले.

‘‘माझे पाय हे इथं आहेत. जमिनीला लागतच नाहीत. ह्या नावावर पाय न देता वर येईल अशी अख्ख्या गावात मी एकटीच आहे.’’

पाहुण्यांतल्या म्हाताऱ्यांनी डोकी जवळ आणली.

‘‘पायाचं शास्त्र हाय. चाकाचं काय हाय?’’

‘‘चाकाचं कुटं ऐकलं न्हाई बा.’’

‘‘माझ्या चुलत्याच्या नावाचा रस्ता हाय, त्याच्यावरनं डंपर जात्यात.’’

‘‘त्ये नाव पाटीवर हाय.’’

‘‘रस्ता तर त्येचाच हाय न्हवं?’’

सगळ्यांनी नानासाहेबांकडे पाहिलं. नानासाहेबांनी आधी रॅम्पकडे पाहिलं, मग त्या फळीवरच्या दोन पायांकडे. ‘‘गोजाबाई,’’ ते म्हणाले, ‘‘पोरीची चाकं धुवा.’’

पोळ्याला बैलांचे पाय धुवावेत तशा निगुतीने गोजाबाईंनी चाकांवर पाणी घातलं. हार बाजूला सारला. भीमराज सर खुर्ची ढकलायला पुढे आले आणि थबकले. ढकलणाऱ्याला पाय होते ना! म्हणजे जायचं ते एकटीनंच.

बिल्किसने चाकांवर हात घट्ट बसवले आणि जोर लावला. ‘कै.’ सहज गेलं. ‘द’वर चाक चढलं तसं वरून स्नेहल ओरडली, ‘‘द!’’ आणि मग सगळी पंगतच उठून कठड्यापाशी आली. ‘‘त्तो!’’ ‘‘बा!’’ एकेक अक्षर मागे पडत होतं आणि एकेक अक्षर अख्खी शाळा घसा फोडून वाचत होती. ‘स्म’वर चाकं ओली असल्यानं घसरली. खुर्ची ‘च्या’पर्यंत मागे आली. सगळ्यांचे हात पुढे झाले आणि कठड्यापाशीच राहिले. ‘‘कुणी धरू नका!’’ बिल्किस दात खाऊन म्हणाली. टॉवरच्या गॅलऱ्यांत माणसं येऊन उभी राहिली. नानासाहेब डोळे पुसत होते. त्यांची आजी गेल्यापासून बापाला नुसतं दत्तोबा म्हणून हाक मारणारं कुणी राहिलं नव्हतं, आणि आता सगळी शाळा मारत होती.

‘‘र!’’ ‘‘णा!’’ ‘‘र्थ!’’ आणि खुर्ची वर आली.

स्नेहलने सरकून जागा केली. नानासाहेबांनी आपल्या हाताने शिरा वाढला, वर तुपाची धार सोडली. बिल्किसचे तळहात लाल झाले होते, तरी तिने भला मोठा घास घेतला. तो तोंडात गेला आणि तिचे डोळे घळाघळा वाहायला लागले. पंगत घाबरली.

‘‘काय झालं गं?’’ स्नेहल म्हणाली.

‘‘पोळलं,’’ बिल्किस म्हणाली.

‘‘अगं येडे, आधी फुंकर मारायची ना!’’

बिल्किसने ताटाकडे पाहिलं. वाफ वर येत होती. शाळेतल्या जेवणाला फुंकर मारायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती. तिने गाल फुगवून अशी जोरात फुंकर मारली की शिरा उडून भीमराज सरांच्या चष्म्यावर बसला. पंगत खदाखदा हसली, आणि का हसली ते बिल्किसला कुणाला विचारावं लागलं नाही.