बंदराच्या रेडिओने पकडलेलं भूत

मित्रांनो, मी जपानच्या एका मासेमारी बंदरावरचा जुना रेडिओ. कारखान्यातून आलो तेव्हा माझी बटणं अशी चमकायची, की समुद्रपक्षी त्यांत बघून पिसं विंचरायचे! नावांशी बोलायचं, धुक्यात त्यांना घरी आणायचं, हे माझं काम. माझ्या आवाजावर एकदा वाट चुकलेला देवमासा धक्क्याला लागला होता. खोटं वाटत असेल तर देवमाशाला विचारा.

म्हातारपणी मी खरखरू लागलो आणि लोक मला भंगारात काढायच्या गोष्टी करू लागले. अशातच एका सकाळी दाट धुकं उतरलं. माकुळं पकडून परतणाऱ्या नावा त्यात अडकल्या. आणि माझ्यातून काय यावं? तान्ह्या बाळाचं रडणं! नावांवरही तेच ऐकू गेलं.

"फुमिए, समुद्रातलं भूत रडतंय!" मला सांभाळणाऱ्या फुमिएचा नवरा तात्सुजी नावेवरून ओरडला. "बंदराजवळ यावं तसं वाढतंय. आम्ही नावा वळवतो!"

"अहो, तिकडे खडक आहेत!"

पण तिचे शब्द रडण्यात बुडाले. भुताने नाव बुडवायला ओगराळं मागितलं तर द्यावं, म्हणून आमचे कोळी बिनबुडाचं ओगराळं जवळ ठेवतात, म्हणजे भुताला त्याने नावेत पाणी भरता येत नाही. तात्सुजीने ते फेकलंसुद्धा!

"हा डबाच झपाटलाय, फेका पाण्यात," धक्क्यावरचे म्हातारे कोळी कुमेजिरो म्हणाले.

"आधी तुम्हाला फेकीन, आजोबा!" म्हणत फुमिएने मला बॅटरीसकट हातगाडीवर घातलं. गल्लीगल्लीतून आमची वरात निघाली. जिथे रडणं वाढेल तिकडे गाडी वळायची. एका दाराशी तर माझ्या आवाजाने छपरावरची मांजरं खाली पडली!

आत अमेरिकेहून माहेरी आलेली मियोको होती. बाळाच्या उशाशी तिकडूनच आणलेली पांढरी डबी. बाळाचं रडणं हवेतून आईच्या खोलीत पोचवणारी. तिकडे डबीच्या लहरींना हवेतली वाट मोकळी होती. इथे त्या नेमक्या आम्हा नावांच्या रेडिओंच्या वाटेत आल्या होत्या.

"तिकडे घराघरांत असते हो ही!" मियोको रडवेली झाली.

"असू दे. इथे माझा नवरा खडकांवर चाललाय!"

डबी बंद झाली आणि माझा घसा मोकळा झाला. फुमिएने माझ्यातून नावांना हाक मारली.

"तू फुमिएच कशावरून?" तात्सुजीला अजून शंका. "भुतं बायकोचाही आवाज काढतात."

"आज माझे गुलाबी मोजे घालून गेलायत, ते भुताला कोण सांगणार? वळवा नाव, माझ्या आवाजावर या!"

सगळ्या नावांवर हशा पिकला. धुक्यातून एकेक नाव धक्क्याला लागली, एकही मागे राहिली नाही. कुमेजिरोंनी स्वतः मला खांद्यावर मिरवलं, माझ्यावर साके ओतली. नंतर कितीतरी दिवस मी झिंगूनच बोलत होतो.

म्हणून सांगतो मित्रांनो, परमुलखातलं यंत्र घरी आणलंत, तर लावण्याआधी ते इथे चालतं का, हे जाणत्यांना विचारा. हवा रिकामी दिसते, पण तिच्यातून कुणीतरी घरी यायची वाट शोधत असतं.