पुसले न गेलेले

त्याने डिस्कवरच्या पार्टिशनांची, म्हणजे तिच्या वेगवेगळ्या कप्प्यांची, यादी मागवणारी आज्ञा टंकली आणि एंटरची कळ दाबली. संगणक पुतणीला द्यायचा ठरला होता. तत्पूर्वी तो निःशेष पुसावा, एवढाच हेतू होता.

पडद्यावर ओळी उमटल्या. लिनक्स या नव्या प्रणालीचे पार्टिशन त्याने स्वहस्ते केलेले, म्हणून ओळखीचे. परंतु त्याच्या वरच्या ओळीत, त्याहून कितीतरी मोठे, जुन्या विंडोजचे पार्टिशन स्वस्थ पहुडले होते.

लिनक्स बसवल्यापासून संगणक थेट त्यातच उघडू लागला, तेव्हा जुने सारे आपल्या हातून पुसले गेले, असे त्याने गृहीत धरले होते. शोध घेण्याचे धैर्य झाले नव्हते. पत्नीने विचारले तेव्हा तो एवढेच म्हणाला होता, "परवा तुझा दादा बसला होता ना यावर? त्यानंच काहीतरी दाबलं असणार."

तिच्या दिवंगत आईचा ध्वनिमुद्रित आवाज त्या संगणकातच होता. बहीणभावांचे बोलणे तुटले ते तुटलेच.

त्याने ते पार्टिशन उघडले. 'आई' नावाचा फोल्डर जागच्या जागी होता. खात्रीसाठी त्याने पहिलीच फाइल लावली. आवाज कमी करण्याचे भान राहिले नाही.

"जावईबापूंना सगळं येतं हो," सासूबाई म्हणाल्या, "फक्त 'चुकलो' एवढं म्हणायला येत नाही!"

मागे दादाचे खदखदून हसणे.

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. पत्नी ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. फाइल संपली.

"अहो, आईच ना ही? दादानं त्याच्याकडचं शोधून पाठवलं?"

त्याची मान खाली गेली. तिने त्याचा अर्थ आपल्या मनाजोगता लावला.

"आणि मी मेली त्याला काय काय बोलले! घरात पाऊल टाकू नकोस म्हटलं." हात तसेच ओले ठेवून तिने फोन उचलला. "आधी त्याची माफी मागते."

पलीकडे घंटी वाजू लागली. त्याने खुर्ची मागे सारली आणि उभे राहून हात पुढे केला.

"आण इकडे. आधी मला बोलू दे."

तिने गोंधळून फोन दिला. तो कानाशी नेतो न नेतो तोच, इतके दिवस फोन हातात धरूनच बसल्यासारखा, दादाचा स्वर आला,

"बोल गं, चिमे."