रक्त धुणारं यंत्र

त्या डॉक्टरांना अख्खं हॉस्पिटल पाठीमागे ‘लाँड्रीवाले’ म्हणायचं. रक्त धुणारं यंत्र त्यांनी स्वतःच खटपट करून बनवलं होतं. आडवं लाकडी पिंप, त्याच्याभोवती गुंडाळलेली पातळ पारदर्शक नळी आणि खाली मिठाच्या पाण्याची टाकी. त्यावर लावलेला एकही रोगी आजवर वाचला नव्हता, आणि हे त्यांनी नव्या रोगी बाईच्या नवऱ्यापासून, त्या बेकरीवाल्यापासून, लपवलं नाही.

“मग माझ्या बायकोला कशाला लावताय?” बेकरीवाल्याने विचारलं.

“नाही लावलं तर दोन दिवसही काढणार नाहीत त्या. दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेलीत.”

बायको बेशुद्ध होती. चेहरा सुजून ओळखू येईना. त्याने मान डोलावली.

डॉक्टरांनी तिच्या मनगटाची शीर उघडून नळी जोडली. पिंप गरगर फिरू लागलं, नळीतून तिचं रक्त वाहू लागलं आणि त्यातलं विष टाकीतल्या पाण्यात उतरू लागलं. बेकरीवाला जागचा हलला नाही. संध्याकाळी तिने डोळे उघडले.

“दाढी का वाढवलीस? मेले नाहीये अजून.”

तो हसता हसता रडायला लागला. डॉक्टर नुसते खोलीभर येरझाऱ्या घालत होते.

पण मूत्रपिंडं काही जागी होईनात. विष पुन्हा साचायचं, पुन्हा पिंप फिरायचं. एकदा उघडलेली शीर बांधून टाकावी लागे. ती कायमची जायची. मनगटं झाली, कोपर झाले, घोटे झाले. मधल्या बऱ्या दिवसांत ती पट्ट्या बांधलेल्या हातांनी लेकीच्या वेण्या घालायची.

एका सकाळी डॉक्टर तिचा पाय बराच वेळ चाचपत राहिले. मग बाहेर आले.

“यंत्र चालतंय हो. शीरच उरली नाही.”

“माझी घ्या की!”

“त्यांच्याच अंगातली लागते,” डॉक्टर म्हणाले.

तिला हे नवऱ्यानेच सांगितलं. ती म्हणाली, “घरी ने मला. इथे नको.”

घरी हळूहळू तिची शुद्ध हरपत गेली. शेवटी लेकीलाही ओळखेना, आणि तशीच ती गेली.

डॉक्टर भेटायला आले, पण उंबऱ्यापाशीच थांबले.

“आता नवा रोगी आणलाय म्हणे?” बेकरीवाल्याने विचारलं.

“हो.”

“त्याच्या शिरा संपल्या की?”

‘आत या’ म्हणायचं बेकरीवाल्याच्या ओठांवर आलं होतं, पण तो दारातून बाजूला झाला नाही. डॉक्टर परत फिरले.